कलावंताचा यजमान

गेल्या पावसाळ्यांत एका रविवारीं माझा एक जुना विद्यार्थी डोंबिवलीहून ठाण्यास मजकडे आला. दिवसा तो संगणकाच्या एका कचेरींत नोकरी करतो, आणि रात्रीं व सुटीच्या दिवशीं चार मित्रांबरोबर गिटार वाजवितो. ज्याला हल्लींचीं मुलें ‘रॉक’ म्हणतात त्या पद्धतीचें त्यांचें संगीत आहे. मला त्यांतलें फारसें समजत नाहीं. परंतु दिवाळीच्या पहाटे फडके रोडवर जमणारी तरुण मंडळी त्यांना ओळखते, एवढें मला ठाऊक आहे. त्यानें चहा घेतला, इकडच्या तिकडच्या गोष्टी केल्या, आणि मग खिशांतून घडी केलेला एक कागद काढून माझ्यापुढें ठेवला. तें परदेशांतून आलेलें आमंत्रण होतें. एका राजधानींत सरकारी उत्सव होता, आणि तेथें या पांच मुलांनीं दीड तास वाजवावयाचें होतें. बिदागी अशी कीं, पांच वर्षांत मिळाली नाहीं तेवढी एका रात्रींत पदरांत पडावी.

त्या देशाचें नांव मी देत नाहीं. नांव दिलें कीं वाचक त्या देशाविषयीं विचार करूं लागतो आणि प्रश्न बाजूस राहतो. इतकेंच सांगतों कीं, तेथें वर्तमानपत्रांना सरकारी मताहून निराळें मत असण्याची सोय नाहीं. आणि ज्यांनीं तशी सोय करून घेण्याचा प्रयत्न केला ते आज कोठें आहेत हें त्यांच्या घरच्यांनाहि कळत नाहीं. आमंत्रणासोबत तीन अटी होत्या. गाण्यांची यादी आधीं पाठवून मंजूर करून घ्यावी. रंगमंचावरून आभारापलीकडे कांहीं बोलूं नये. आणि कार्यक्रम संपल्यावर सरकारी मेजवानीस हजर राहून छायाचित्र काढून घ्यावें.

“सर, जावें कीं न जावें?” त्यानें विचारलें. “आई म्हणते, जा. घराच्या कर्जाचे हप्ते अजून बारा वर्षें आहेत.”

विद्यार्थ्यांच्या प्रश्नांना उत्तरें देणें हा आमचा धंदाच आहे; आणि या प्रश्नाला दोन तयार उत्तरें आहेत हेंहि मला माहीत होतें. पहिलें उत्तर असें कीं, कला ही राजकारणाच्या पलीकडची वस्तु आहे. सूर्य जसा सर्वांच्या अंगणांत उगवतो तसें गाणें सर्वांच्या कानांवर पडावें. दुसरें उत्तर असें कीं, जुलमी सत्तेच्या अंगणांत सज्जनानें पाऊलहि टाकूं नये. दोन्ही उत्तरें ऐकावयास भारदस्त आहेत, आणि दोन्हींचा मोठा गुण हा कीं, तीं दिल्यावर पुढें विचार करावा लागत नाहीं. मला त्या दिवशीं दोन्हीं देववेनात.

या प्रश्नाचा सर्वांत बोधप्रद इतिहास ज्या एका वाद्यवृंदाच्या चरित्रांत सांपडतो, त्याचा मुख्य गायक आपल्याच सह्याद्रीच्या माथ्यावर शिकलेला होता. १९४६ सालीं झांजीबार येथें एका पारशी घरांत जन्मलेला फारुख बलसारा हा मुलगा लहानपणींच पांचगणीच्या सेंट पीटर्स शाळेंत आला, तेथें पियानो शिकला, आणि शाळासोबत्यांना जमवून त्यानें आपला पहिला वाद्यवृंद काढला. १९६४ सालीं झांजीबारमध्यें राज्यक्रांति झाली, आणि त्याच्या कुटुंबाला घरदार सोडून इंग्लंडचा आश्रय घ्यावा लागला. पुढें हाच मुलगा फ्रेडी मर्क्युरी या नांवानें आणि ‘क्वीन’ या वृंदाचा गायक म्हणून जगाला माहीत झाला. सत्ता उलटली म्हणजे सामान्य माणसाच्या घराचें काय होतें हें त्यानें तारुण्यांतच पाहिलें होतें. त्याच्या वृंदानें पांच-सहा वर्षांच्या अवधींत तीन निराळ्या प्रकारच्या दडपशाहींच्या देशांत गाणीं म्हटलीं. तिन्ही प्रसंगीं गाणारे तेच होते. तथापि आपल्या मनांत तिन्हींचा निवाडा सारखा होत नाहीं. तो कां होत नाहीं, हें पाहिलें म्हणजे आपला प्रश्न पुष्कळ स्वच्छ होतो.

पहिला प्रसंग अर्जेंटिनाचा. १९७६ च्या मार्चमध्यें तेथें लष्करानें सत्ता घेतली होती. माणसें रात्रीं घरांतून उचलून नेलीं जात आणि पुन्हां दिसत नसत. अशा बेपत्ता माणसांपैकीं ८,९६१ जणांची नोंद पुढें लोकशाही आल्यावर नेमलेल्या आयोगानें केली. मानवी हक्कांसाठीं झटणाऱ्या संस्था ३०,००० हा आंकडा सांगतात. १९७७ पासून या हरवलेल्यांच्या आया ब्वेनोस आयरेसच्या मुख्य चौकांत दर गुरुवारीं डोक्यास पांढरे रुमाल बांधून मुकाट्यानें फेऱ्या घालीत. त्याच शहरांतील क्रीडांगणावर १९८१ सालीं ‘क्वीन’चे कार्यक्रम झाले. हजारों तरुण-तरुणींनीं परकी भाषेंतलीं गाणीं तोंडपाठ म्हटलीं. ज्या देशांत चार माणसांनीं एकत्र जमणें संशयास्पद ठरे तेथें त्यांना एक रात्र एकत्र ओरडावयास मिळाली. हें खरें आहे. आणि लवकरच अध्यक्ष होणाऱ्या जनरल व्हिओला यांनीं या मंडळींना आपल्या घरीं बोलावून त्यांचा सत्कार केला, हेंहि खरें आहे. त्या भेटीस वृंदांतील तबल्याच्या जागीं असलेला, म्हणजे ड्रम वाजविणारा, रोजर टेलर गेला नाहीं. लोकांसाठीं वाजवावयाचें आणि सेनापतीकडे जेवावयास जावयाचें नाहीं, अशी रेघ त्यानें स्वतःपुरती ओढली. बाकीचे गेले. पुढच्याच वर्षीं ब्रिटनशीं युद्ध जुंपतांच त्याच लष्करी राजवटीनें नभोवाणीवरून इंग्रजी गाणीं बंद करविलीं. सत्ताधाऱ्यांची रसिकता किती टिकते याचें हें चांगलें उदाहरण आहे.

दुसरा प्रसंग १९८४ च्या ऑक्टोबरमधला. दक्षिण आफ्रिकेंत गोऱ्या सरकारनें काळ्या प्रजेसाठीं कांहीं तुकडे कापून काढले होते आणि त्यांस ‘स्वतंत्र देश’ असें नांव दिलें होतें. त्यांपैकीं बोफुथात्स्वाना हा एक. १९७७ सालीं त्याला हें स्वातंत्र्य बहाल झालें, पण दक्षिण आफ्रिकेवांचून जगांतील एकाहि राष्ट्रानें तें मान्य केलें नाहीं. तेथें सन सिटी नांवाची एक विलासनगरी उभारण्यांत आली होती. बाहेरच्या नामांकित गायकांना तेथें अफाट बिदागी देऊन बोलावीत. ‘क्वीन’ तेथें गेले. त्यांचें म्हणणें असें कीं, आम्ही राजकारणी नव्हों, आणि या प्रेक्षागृहांत काळा-गोरा असा भेद नाहीं. प्रेक्षागृहापुरतें तें खरेंहि होतें. परंतु तें प्रेक्षागृह ज्या भूमीवर उभें होतें ती भूमीच मुळीं भेदासाठीं कापून काढलेली होती. लाखों माणसांना त्यांच्याच देशांत परके ठरविण्याची ती युक्ति होती. तेथील एका मूकबधिर मुलांच्या शाळेस या मंडळींनीं आर्थिक साहाय्य केलें, हेंहि नमूद केलें पाहिजे. तरीसुद्धां संयुक्त राष्ट्रसंघाच्या बहिष्कृतांच्या यादींत त्यांचें नांव चढलें आणि ब्रिटनमधील वादकांच्या संघानें त्यांना दंड केला.

अर्जेंटिनाच्या रात्रीबद्दल आपलें मन दुभंगतें, आणि सन सिटीच्या रात्रीबद्दल मात्र तें दुभंगत नाहीं. असें कां व्हावें? माझ्या मतें कारण एकच आहे. दक्षिण आफ्रिकेंतील पीडितांनीं स्वतः आपल्या प्रतिनिधींच्या मुखानें जगाला वर्षानुवर्षें सांगितलें होतें कीं, येऊं नका. तुमच्या येण्यानें आमचें दुःख झांकलें जातें. १९८० च्या अखेरीस संयुक्त राष्ट्रांच्या महासभेनें हीच विनंती ठरावाच्या रूपानें कलावंतांपुढें ठेवली होती. ज्याच्या घरास आग लागली आहे तो दारांतून ओरडून सांगतो कीं, येथें मैफल करूं नका. आणि गवई म्हणतो, मी अग्निशास्त्राच्या पलीकडचा आहे! ब्वेनोस आयरेसमध्यें असा निरोप कोणी पाठविला नव्हता, किंवा तो पाठविण्याइतकें तोंड मोकळें नव्हतें. तेथें आलेल्या पाहुण्याला स्वतःच अंदाज करावा लागला.

तिसरा प्रसंग बुडापेस्टचा, २७ जुलै १९८६ चा. हंगेरींत एकपक्षीय राजवट होती. १९५६ सालीं रशियन रणगाड्यांखालीं चिरडलेल्या उठावाचें नांव उघडपणें घेण्याची तेथें चोरी होती. त्या रात्रीं मर्क्युरीनें तेथील एक जुनें लोकगीत म्हटलें. शब्द येत नव्हते म्हणून त्यानें ते तळहातावर लिहून घेतले होते, आणि वाचून वाचून तो गात होता. क्रीडांगणावरील लोक त्याच्यासह गाऊं लागले. त्या गाण्यांत सत्तेविरुद्ध एक अक्षर नव्हतें. परंतु त्यानें नमस्कार कोणाला केला, याविषयीं तेथें कोणाला शंका राहिली नसेल. तो नमस्कार लोकांच्या भाषेला होता.

यावर कोणी म्हणेल कीं, हे सारे परक्यांचे दाखले झाले. आपल्याकडच्या कलावंतांनीं परक्या सत्तेखालीं काय केलें? त्यासाठीं मला माझ्या ठाणें शहराबाहेर फार दूर जावें लागत नाहीं. २१ डिसेंबर १९०९ रोजीं नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहांत देवलांचें ‘शारदा’ नाटक होतें, आणि बदली होऊन जाणाऱ्या कलेक्टर जॅक्सनसाहेबांच्या सन्मानार्थ तें होतें. त्या रात्रीं तेथेंच अनंत कान्हेरे या तरुणानें जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे या तिघांना १९ एप्रिल १९१० रोजीं ठाण्याच्या तुरुंगांत फांशीं देण्यांत आलें. गडकरी रंगायतनांतून नाटक पाहून घरीं परततांना मला कित्येकदां त्या तुरुंगाच्या भिंतीची आठवण होते. याच सुमारास, १९१० च्या जानेवारींत, खाडिलकरांच्या ‘कीचकवध’ नाटकावर सरकारनें बंदी घातली. तात्पर्य, सरकारला नाटक नको होतें असें नाहीं. त्याला आपल्या सोयीचें नाटक हवें होतें.

आणि तरीहि त्या रात्रीं ‘शारदा’ करणाऱ्या नटांना आपण दोष देत नाहीं. तसा तो देऊंहि नये. ते तेथलेच रहिवासी होते. त्यांचें पोट, त्यांचें बिऱ्हाड, त्यांचा परवाना सर्व कांहीं त्याच सत्तेच्या मुठींत होतें. जो जुलमाखालीं राहतो त्यानें कसें जगावें हें बाहेरच्यानें शिकवूं नये. पाहुण्याची गोष्ट निराळी आहे. त्याला घरीं राहण्याचें स्वातंत्र्य आहे, आणि म्हणून जाण्याची जबाबदारीहि त्याचीच आहे.

पण मग माझ्या विद्यार्थ्यानें मला जो उलट प्रश्न केला तो पुढें येतो. तो म्हणाला, “सर, डोंबिवली-कल्याणांतलीं किती घरें आखातांतल्या पगारावर उभीं आहेत! तेथें इंजिनियर जातात, परिचारिका जातात, हिशेबनीस जातात. त्यांना कोणी विचारीत नाहीं कीं, कोणाच्या राज्यांत चाललां. मग गिटारवाल्यालाच कां?”

प्रश्न बिनतोड वाटतो, आणि त्यांत न्यायाची खरी तक्रार आहे. माझें उत्तर असें कीं, राज्यकर्ता इंजिनियराकडून पूल मागतो आणि परिचारिकेकडून शुश्रूषा. तो पूल व ती शुश्रूषा तेथील प्रजेच्याहि उपयोगी पडतात. गवयाकडून मात्र तो स्वतःसाठीं आणखी एक गोष्ट मागतो. ती म्हणजे प्रतिष्ठा. आपल्या राज्यांत सर्व आलबेल आहे, लोक नाचत आहेत, जगांतले गुणीजन आपल्या पंक्तीस बसतात, हें त्याला दाखवावयाचें असतें. गाण्याबद्दल जी बिदागी रास्त असेल तिच्यावर जें कांहीं चढवून दिलेलें असतें, ती या दुसऱ्या मालाची किंमत समजावी. आमंत्रणांतली तिसरी अट, मेजवानीची व छायाचित्राची, ही या मालाची पावती होय.

इकडे बहिष्काराचा पुकारा करणाऱ्या आम्हां घरबशांनाहि एक गोष्ट विचारली पाहिजे. ज्या त्यागांत आपलें कांहींच जात नाहीं, तो त्याग म्हणावयाचा काय? आपल्या देशानें या बाबतींत एकदोनदां खरी किंमत मोजली आहे. १९४६ सालीं, स्वातंत्र्यहि यावयाचें होतें तेव्हां, हिंदुस्थानानें दक्षिण आफ्रिकेशीं व्यापार तोडला. १९७४ सालीं डेव्हिस चषकाच्या अंतिम सामन्यांत आपली गांठ दक्षिण आफ्रिकेशीं पडली. आपण खेळण्याचें नाकारलें आणि चषक न खेळतां त्यांना गेला. अमृतराज बंधूंच्या पिढीला तशी संधि पुन्हां सहज येणारी नव्हती. त्या नकाराला वजन होतें, कारण नाकारणाऱ्यांच्या हातांतून कांहीं जात होतें. घरीं बसून दुसऱ्याच्या मुलाला ‘जाऊं नकोस’ म्हणणें हें मात्र फार स्वस्त आहे. मीहि त्या दिवशीं माझ्या खुर्चीवर बसूनच बोलत होतों.

कला राजकारणाच्या पलीकडे आहे, हें मतहि आपल्या मोठ्या कलावंतांनीं शब्दशः कधीं मानलेलें दिसत नाहीं. १९५४ सालीं दादरा व नगरहवेली पोर्तुगीजांच्या ताब्यांतून सोडविण्याचा बेत झाला, तेव्हां त्यासाठीं पैसा उभारावा म्हणून लता मंगेशकर पुण्यांत गायल्या, आणि सुधीर फडके यांनीं तर त्या लढ्यांत प्रत्यक्ष भाग घेतला. दुसऱ्या बाजूनें दुर्गाबाई भागवतांचें उदाहरण आहे. १९७५ च्या डिसेंबरांत, आणीबाणीच्या ऐन अंमलांत, त्या कऱ्हाडच्या साहित्यसंमेलनाच्या अध्यक्षा होत्या, आणि स्वागताध्यक्ष होते केंद्रीय मंत्री यशवंतराव चव्हाण. दुर्गाबाईंनीं त्या मंचावर बहिष्कार घातला नाहीं. त्या गेल्या, बसल्या, आणि त्याच व्यासपीठावरून त्यांनीं बंदिवासांतून आजारी होऊन सुटलेल्या जयप्रकाशांच्या प्रकृतीसाठीं सभेला प्रार्थना करावयास लावली. पुढच्या वर्षीं त्यांना अटक झाली. यावरून दिसतें कीं, निषिद्ध घरांत पाऊल टाकूनहि मान ताठ ठेवतां येते. मात्र यजमानाच्या मर्जीबाहेर वागण्याची तयारी घरूनच करून जावें लागतें.

हें सर्व मीं त्या मुलाला एवढ्या व्यवस्थितपणें सांगितलें नाहीं. पण जें सांगितलें त्याचा सारांश असा. प्रथम, तेथें ज्यांच्यावर अन्याय होत आहे त्यांनीं कांहीं मागितलें आहे काय, तें पाहा. ‘येऊं नका’ असें त्यांनीं म्हटलें असेल तर विषय संपला. त्यांच्या दुःखाचा हिशेब आपण त्यांच्याहून चांगला करतों असें मानण्याचा अधिकार आपल्याला नाहीं. त्यांनीं कांहींच म्हटलें नसेल तर दाराबाहेर कोण ठेवला आहे तें पाहा. तुझें गाणें ऐकावयास सामान्य मनुष्य येऊं शकतो कीं केवळ निमंत्रित मंडळी? आणि शेवटीं, आपला यजमान कोण हें तूं स्वतः ठरव. आमंत्रण सरकारचें असलें तरी गाणें लोकांच्या घरीं जाऊन म्हणतां येतें. मात्र मग सरकारच्या पंक्तीस बसतां येत नाहीं. दोन्ही घरचें जेवण एका रात्रींत होत नाहीं.

तो बराच वेळ गप्प राहिला. मग हंसून म्हणाला, “सर, राग मानूं नका. पण यादी मंजूर करून घेण्याची अट मला नवी नाहीं.”

मला प्रथम उमगलें नाहीं. मग त्यानें आठवण दिली. सुमारें पंधरा वर्षांपूर्वीं एका स्नेहसंमेलनाच्या समितीचा मी अध्यक्ष होतों. या मुलानें पाण्याच्या टंचाईवर स्वतः एक गाणें रचलें होतें, आणि दरवर्षीं पाण्याचीं वचनें देणाऱ्यांची त्यांत थोडी थट्टा होती. प्रमुख पाहुणे म्हणून जे गृहस्थ यावयाचे होते त्यांना तें रुचणार नाहीं, असें कोणी तरी सुचविलें. कोणी हुकूम केला नव्हता, धमकी दिली नव्हती. मीं पेन्सिल घेतली आणि तें गाणें कार्यपत्रिकेंतून काढून टाकलें. “एका गाण्यानें असें काय होतें, असें तुम्ही मला म्हणालां होतां,” तो म्हणाला. त्याला तें शब्दशः आठवत होतें. मला मुळींच आठवत नव्हतें.

जुलमी यजमानाचें घर परदेशांतच असतें असें आपण समजतों. पण त्याच्या घराचा एक उंबरठा आपल्याहि ओसरीपर्यंत येतो. आणि तेथें पहारेकरी उभा करावा लागत नाहीं, कारण तें काम माझ्यासारखा एखादा सुशिक्षित गृहस्थ बिनपगारी करतो. एका गाण्यानें कांहीं होत नसतें तर पाहुण्यासाठीं मीं तें काढलें कशाला, आणि त्या परक्या सरकारनें यादी मागविली कशाला? गाण्याचें सामर्थ्य कलावंताला आणि प्रेक्षकाला कधीं कधीं कळत नाहीं. तें सत्तेला व तिच्या भित्र्या मदतनिसांना नेमकें कळतें. मीं त्याची क्षमा मागितली. त्यानें ती संकोचून टाळली, जशी आपलीं मुलें वडीलधाऱ्यांची टाळतात.

पुढची हकीकत थोडी आहे. त्यानें चार मित्रांशीं बोलून आमंत्रणाचें उत्तर लिहिलें : आम्ही येऊं आणि खुल्या मैदानांत वाजवूं, यादी पाठविणार नाहीं, आणि मेजवानीस येणार नाहीं. दोघां मित्रांना हें पटलें नाहीं व ते वृंद सोडून गेले. त्यांनाहि मी दोष देत नाहीं. पत्राचें उत्तर अद्याप आलेलें नाहीं, आणि तें येईल असें आतां कोणाला वाटत नाहीं.

मागच्या आठवड्यांत त्याच्या आईनें त्याच्याचजवळ मला निरोप पाठविला, “सरांना म्हणावें, उपदेश चांगला केलात, आतां घराचे हप्ते तुम्ही भरणार काय?” तो निरोप त्यानें हंसत सांगितला, पण त्या माउलीनें तो हंसत दिला नसावा. तिचा प्रश्न न्याय्य आहे. नीतीच्या प्रश्नांत किंमत बहुधा तिसऱ्याच माणसाला द्यावी लागते, आणि ती त्याला न विचारतां ठरविली जाते. या गोष्टीचें उत्तर माझ्याजवळ नाहीं.